शंभरावा प्रयोग

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर अभिनयाचं रौप्यपदक, आणि त्याच पत्रात खाली प्रश्न : नोकरी सोडून विदर्भ एक्सप्रेसचं मुंबईचं तिकीट काढू का? पदकाचं मनापासून कौतुक. तिकीट मात्र इतक्यात काढू नकोस, निदान दोन हंगाम तरी.

ज्या भूमिकेला पदक मिळालं ती तू किती वेळा केलीस? केंद्रावर एकदा, त्याआधी घरच्या-ओळखीच्या माणसांपुढे एकदा. अंतिम फेरी गाठली तर तिसऱ्यांदा. चाळीस दिवस तालीम आणि दोन प्रयोग, असा हौशी रंगभूमीचा हिशेब असतो. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेनं मराठीला नटांच्या पिढ्याच्या पिढ्या दिल्या, पण तेच वाक्य शंभराव्यांदा कसं म्हणायचं ते तिथं शिकायला मिळत नाही. तू ज्यांची नावं आदरानं घेतेस त्या साऱ्या ज्येष्ठ नटांची कमाई नेमकी तीच आहे. प्रभाकर पणशीकर १९६२ पासून ‘तो मी नव्हेच’ या एकाच नाटकात पाच भूमिका करत राहिले, आणि त्या प्रयोगांची मोजणी हजारांत होते. पाच सोंगं वठवणं अवघड खरंच. तीच सोंगं पुढच्या आठवड्यात, बसच्या प्रवासानंतर, अर्ध्या भरलेल्या थिएटरात पुन्हा तेवढ्याच ताकदीनं वठवणं जास्त अवघड.

प्रयोग बिघडतो कसा, ते आधी समजून घे. पहिले पाच-सात प्रयोग भीतीच सांभाळते. पंधराव्या-विसाव्याच्या सुमारास हशे कुठे येतात ते पाठ होतं, आणि नट हशाची वाट बघायला लागतो. वाक्य संपायच्या आधीच चेहरा हशासाठी तयार होतो. प्रेक्षकाला ते कळतं, हशा येत नाही, मग पुढच्या वेळी तेच वाक्य थोडं जोरात. टाळीच्या वाक्याचंही तसंच. प्रत्येकानं आपापल्या जागी दोन-दोन सेकंद जास्त घेतले की सव्वादोन तासांचं नाटक अडीच तासांवर जातं, आणि प्रेक्षक म्हणतो, ‘मधे जरा पडलं.’ कुठे पडलं ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एक वही कर. तारीख, गाव, सभागृह, प्रत्येक अंक किती मिनिटांचा झाला, कुठला हशा आला, कुठला गेला. अंक पाच मिनिटांनी वाढलेला दिसला की पुढच्या प्रयोगात एकच काम करायचं : समोरच्याचं वाक्य खरंच ऐकायचं. आपण पुढचं वाक्य मनात जुळवत उभे असतो, सगळा गडबडगुंडा तिथून सुरू होतो.

आता हे शंभर प्रयोग मिळणार कुठे? मुंबईत नव्या मुलीला सहसा बदली कलाकार म्हणून आत जाता येतं, म्हणजे कोणी सोडून गेलं की तिच्या जागी. तीन दिवसांत पाठांतर, एक तालीम, की उभी. त्याला आधी तयारी हवी. आणि आपल्याकडे, आग्नेयेला दोन-तीन तासांवर, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा आहे, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या व्यावसायिक नाटकांचं केंद्र. ही नाटकं दिवाळीनंतर मंडईबरोबर, म्हणजे गावजत्रेबरोबर, सुरू होतात ती थेट होळीच्या आसपासपर्यंत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, रोज नवं गाव. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि उजाडायच्या सुमारास माणसं घरी जातात. सीताबर्डीतले काही रंगकर्मी यावर नाक मुरडतात. मुरडू देत. शहरातल्या नाट्यगृहाच्या एसीत चारशे जाणकारांपुढे कुजबुजणं सोपं असतं. उघड्या मंडपात, दवात, पोरं-बाळं घेऊन बसलेल्या गर्दीला पहाटे तीन वाजता जागं ठेवून बघ. एका हंगामात तुझे पन्नास प्रयोग झाले तरी स्पर्धेच्या वीस वर्षांइतके झाले.

जाण्याआधी कंपनीशी चार गोष्टी बोलून घे, आणि जमलं तर लिहून : नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती आणि ती प्रयोगाच्या आधी की नंतर, गाडी कोणाची, पहाटे परत कुठे सोडणार, बायकांचा रंगपट, म्हणजे कपडे-रंगभूषेची खोली, वेगळा आहे का, त्याला कडी आहे का, प्रयोग रद्द झाला तर काय. विचारायची लाज वाटू देऊ नकोस. मुरलेली नटी हे सगळं विचारते, म्हणूनच ती मुरते.

मंडपात माइक वरून टांगलेले असतात, त्यामुळे नवा नट त्यांच्याखाली जाऊन उभा राहतो आणि ओरडतो. दोन्ही चुकीचं. ओरडला की आवाज वर चढतो, पातळ होतो, आणि तिसऱ्या रात्री बसतो. पल्ला पोटातल्या श्वासातून येतो. सकाळी उठल्यावर वीस मिनिटं खर्जात ‘आ’, ताणायचं नाही, नुसतं टिकवायचं. मग दहा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं, प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर नीट उच्चारून. ‘मी त्याला सांगितलं होतं’ मधलं ‘होतं’ शेवटच्या रांगेत पोचतच नाही, आणि मराठी वाक्याचं तर सगळं क्रियापद शेवटी! अर्थच तिथे बसलेला असतो.

खाण्याचं आपल्या गावात विशेष सांगावं लागतं. प्रयोगाच्या आधी तर्री-पोहे नकोत. तिखट आणि तेल पोटातून वर येतं, घशाशी आंबट होतं, आणि दुसऱ्या अंकात खाकरणं सुरू. प्रयोगाच्या तीन तास आधी साधं जेवण, नंतर फक्त कोमट पाणी, थोडं-थोडं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांतून येऊन बर्फाचं पाणी ओतणं म्हणजे घशावर अत्याचार. आवाज बसलाच तर गप्प राहा. कुजबुजूही नकोस, कुजबुजण्यानं घशावर ताणच पडतो. आठवड्यात सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, ज्येष्ठमधाच्या काड्यांवर महिना काढू नकोस.

पाठांतर सपाट कर. हे जरा विचित्र वाटेल, पण शब्द चाल लावून पाठ केले की ती चालच पक्की होते. मग दिग्दर्शक म्हणतो, हे वाक्य चिडून नको, थकून म्हण, आणि तुझ्या तोंडून चिडकंच येतं. गहू निवडताना म्हणावं तसं, बिनसुराचं पाठ कर. आणि आपल्या वाक्याबरोबर समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे चार शब्दही. वही हातानं लिही, झेरॉक्सवर भागत नाही.

भाषेचं तू विचारलंस की नागपुरी काढून टाकायची का. अजिबात नाही, ती मुठीत ठेवायची. ‘करून राहिले’ आणि वाक्याच्या शेवटी लोंबणारा ‘ना’ हवा तेव्हा आला पाहिजे, नको तेव्हा थांबला पाहिजे. पुणेरी मालकिणीच्या भूमिकेत तुझं ‘पाणी’ ‘पानी’ होतं आणि ‘डोळा’ निसटता ‘डोया’ होतो, ते ध्वनिमुद्रण करून ऐक. ‘चार’ आणि ‘चाक’ यातले दोन ‘च’ वेगळे आहेत, हिंदीच्या संगतीनं आपल्याकडे ते एक होतात. बाहेरच्यांना मराठवाडी आणि वऱ्हाडी एकच वाटतात, हेही लक्षात असू दे. लक्ष्मण देशपांड्यांच्या बावन्न भूमिकांच्या एकपात्रीच्या नावात ‘वऱ्हाड’ आहे ते लग्नाचं, बोली मराठवाड्याची. ऑडिशनला कोणी ‘जरा तसलं वऱ्हाडी बोलून दाखवा’ म्हणालं तर कुठल्या जिल्ह्याचं, ते विचार. झाडीबोली येत असेल तर आणखी चांगलं. मुंबईत ती करून दाखवणारे हातावर मोजण्याइतके सापडतील.

आता तुझी म्हातारी. पंचविशीत आजीची भूमिका हा आपल्या हौशी संघांचा नेहमीचा नाइलाज, आणि त्यात कमीपणा काही नाही. श्रीराम लागूंनी १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’मधला म्हातारा गणपतराव बेलवलकर उभा केला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. रोहिणी हट्टंगडींनी ‘गांधी’ चित्रपटातली, बाफ्टा मिळवून देणारी कस्तुरबा ऐन तरुणपणात केली. पण तू केलंस ते कमरेत वाकणं आणि मान हलवणं. म्हातारपण कमरेत नसतं, गुडघ्यात आणि तळव्यात असतं. घरातल्या आजीला खुर्चीतून उठताना बघ. आधी नजर आधार शोधते. मग हात तिथे पोचतो. पावलं खुर्चीखाली मागे सरकतात. एक थांबा येतो, ज्यात ती मनातल्या मनात निघालेली असते. मग धड पुढे झुकतं आणि उठते. उभी राहिल्यावर लगेच चालत नाही, तोल येईपर्यंत टेबलाची कड सोडत नाही. हाक मारली तर नुसती मान वळत नाही, खांद्यासकट सगळी वळते. एवढं केलंस तर केसांना पावडर कमी लागेल. (ती पावडर पदरावर सांडते आणि प्रकाशात पांढरा धूर दिसतो. ओल्या स्पंजानं कानाजवळून लावायची, वरून फुंकायची नाही.)

प्रकाशाचंही थोडं. जुन्या हॅलोजनच्या झोतात गालाला ऊब लागायची, त्यावरून नटाला आपली जागा कळायची. एलईडीत ती सोय गेली. म्हणून तांत्रिक तालमीत खुणा ठरवून घे : टेबलाच्या डाव्या पायापासून एक पाऊल पुढे, तिथे डोळे उजळतात. डोळे अंधारात गेले की वाक्यही गेलं समज.

कॅमेऱ्यापुढे रंगमंचाचं बरंच काही उपयोगी पडतं, पण दोन ठिकाणी रंगमंचाचे लोक हमखास अडकतात. पहिलं, सातत्य. आधी सगळा प्रसंग लांबून चित्रित होतो, मग तोच खांद्यावरून, मग जवळून. लांबच्या शॉटमध्ये ‘बाबा’ या शब्दावर उजव्या हातानं कप उचललास तर संध्याकाळी पाच वाजताही त्याच शब्दावर, त्याच हातानं. चुकलीस तर तुझा सगळ्यात चांगला क्लोजअप संकलकाला वापरता येत नाही, आणि तुला ते कधी कळतही नाही. म्हणून पहिल्या शॉटमध्ये हातांना कमीत कमी काम दे. दुसरं, नजर. समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीनं बघितलंस तर पडद्यावर बुबुळं नाचतात. लेन्सच्या जवळचा त्याचा एकच डोळा धर. आणि लांबच्या शॉटमध्येच सगळं रडून संपवू नकोस.

मुंबईला न जाता ऑडिशन देता येते. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, तोंड खिडकीकडे, मागे कोरी भिंत, छातीपासून वर. नाव, उंची, गाव, मग दोन्ही बाजूंचा चेहरा, मग प्रसंग. समोरची वाक्यं वाचणाऱ्यानं मोबाइलला चिकटून उभं राहायचं, म्हणजे तुझी नजर लेन्सच्या जवळ राहते. पण त्यानं हळू बोलायचं, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. कूलर बंद करायचा. घाम आला तरी. ऑडिशनसाठी, कलाकाराच्या ओळखपत्रासाठी, ‘पोर्टफोलिओ आमच्याकडूनच’ म्हणून कोणी पैसे मागितले तर ते काम देणारे नव्हेत. काम देणारा पैसे देतो.

तेही उशिरा देतो. मालिकेचं मानधन दिवसावर ठरतं आणि बहुधा नव्वद दिवसांनी हातात येतं, त्यातूनही दहा टक्के टीडीएस कापून. आयकराचं विवरणपत्र भरलंस तर त्यातलं परत मिळू शकतं. न भरणारे नट खूप आहेत, आणि ते पैसे सोडून देतात. म्हणजे पहिलं काम मिळालं तरी तीन महिने पदरचे. मुंबईत राहायचं तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय गाडीत बसू नकोस. तोवर नोकरी. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत नाटकं करायचे, निळू फुले माळीकाम करायचे. लागू तर घशाचे डॉक्टर, पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, बेचाळिशीत.

तर सध्या एवढंच कर. पदक मिळालेलंच नाटक घेऊन संघाला उमरेड, काटोल, रामटेक, वर्धा असे आठ-दहा प्रयोग लावायला सांग, तिकीट वीस रुपये ठेवा हवं तर. वही सुरू कर. दिवाळीआधी वडशाला एक चक्कर मार. आणि आजीचा खुर्चीतून उठण्याचा प्रवेश, फक्त उठण्याचा, चित्रित करून पाठव. मोबाइल आडवा धर.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
एक जुना रंगकर्मी
नागपूर