राक्षसाची बाजू आणि त्याने खाल्लेल्यांची बाजू

प्रश्न : आम्ही एरंडोलचे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले ते पद्मालयाच्या रानात, असे आजोबांकडून ऐकत मोठे झालो. माझ्या मुलाने नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीत मात्र बकासुर हा अरण्याचा मूळ धनी आहे आणि भीम उपरा. आता मुलगा आजोबांची गोष्ट खोटी ठरवतो. मूळ ग्रंथात बकासुराला काही बाजू आहे का?
— एक वाचक, एरंडोल

उत्तर : बाजू आहे, पण ती कादंबरीतल्यापेक्षा वेगळी आहे आणि आजोबांच्या गोष्टीत बहुधा ती आलेली नसावी. लाक्षागृहातून निसटलेले पांडव एकचक्रेत ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले होते, तिथे एके दिवशी रडारड ऐकू आली, म्हणून कुंती चौकशीला गेली. तेव्हा ब्राह्मणाने जे सांगितले ते आदिपर्वात नीट वाचण्यासारखे आहे. या प्रदेशाचा राजा वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी राहतो, तो दुबळा आहे आणि प्रजेच्या रक्षणाचा कोणताही उपाय करत नाही. रक्षण करतो तो बकासुर. त्याच्या धाकामुळे परचक्राचे भय उरलेले नाही, आणि या कामाबद्दल त्याचे वेतन ठरलेले आहे. ते वेतन म्हणजे गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. घरोघर पाळी लागते आणि आज ती या घरावर आली आहे.

आपण ‘बकासुरासारखा खातो’ असे सहज म्हणतो, पण महाभारताने त्याला नुसता खादाड ठेवलेले नाही. राजाने मोकळ्या सोडलेल्या जागी तो येऊन बसला आहे, आणि लोकांनी नाइलाजाने का होईना, त्याच्याशी व्यवहार ठरवला आहे. दोषाचा मोठा वाटा ब्राह्मण त्या निकम्म्या राजाच्या पदरात टाकतो. आपल्या मुलाला हे अवश्य दाखवावे, कारण राक्षसाकडे दुसऱ्या नजरेने पाहण्याची सोय आजच्या लेखकांनी नव्याने शोधलेली नाही. ती मूळ कथेतच आहे.

मात्र त्याच प्रकरणात आणखी एक प्रसंग आहे आणि तो वगळून बकासुराची कथा सांगताच येत नाही, असे माझे मत आहे. कोणी जायचे यावरून त्या घरात वाद होतो. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला पाठवा. एवढ्यात बोबडे बोलणारा लहानगा हातात गवताची काडी घेऊन पुढे येतो आणि या काडीने मी त्या राक्षसाला मारीन असे सांगतो. त्या दुःखातही घरच्यांना हसू येते. बकासुराच्या जेवणाची किंमत काय होती, हे त्या काडीमुळे कळते. एखादा कादंबरीकार बकासुराला अरण्याचा धनी करत असेल तर तो त्याचा अधिकार आहे, कारण महाभारताचे पुनर्कथन शतकानुशतके असेच होत आले आहे. परंतु धनीपणाच्या आड ते मूल आणि ते घर दिसेनासे झाले, तर कथेला दुसरी बाजू मिळाली असे म्हणता येत नाही. जुनी एक बाजू जाऊन नवी एक बाजू आली, इतकेच. वधानंतर घाबरून बाहेर आलेल्या बकाच्या नातलगांना भीम मारत नाही, यापुढे माणसे मारणार नाही असे वचन घेऊन तो त्यांना सोडतो, आणि तेव्हापासून त्या नगरात राक्षस सौम्यपणे वावरताना दिसत, असे महाभारत सांगते. कादंबरीकारांना इथे पुष्कळ वाव आहे.

ग्रीक महाकाव्यातही असेच आढळते. होमरच्या ‘ओडिसी’तल्या एकाक्ष राक्षसाने, पॉलिफेमसने, कथानायक ओडिसियसची सहा माणसे खाल्लेली आहेत. आंधळा झाल्यावर तो आपल्या आवडत्या मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि त्याला विचारतो की रोज कळपाच्या पुढे असणारा तू आज सर्वांत मागे का, धन्याच्या डोळ्यासाठी तुला वाईट वाटते आहे का. मेंढ्याच्या पोटाखाली ओडिसियस लटकलेला आहे, हे आपल्याला ठाऊक असते. होमरने त्या राक्षसाचे दुःख पूर्ण मोजले आहे आणि सहा माणसेही विसरलेला नाही.

एरंडोलविषयी एवढेच सांगतो की एकचक्रा आपलीच, असे मानणारी गावे देशात इतरत्रही आहेत. त्यामुळे आजोबांची गोष्ट इतिहासाचा पुरावा ठरत नाही, पण म्हणून ती खोटीही ठरत नाही. आपल्या गावाने महाभारत स्वतःच्या रानात कसे वसवले, हे ती सांगते.

प्रश्न : दसरा जवळ आला की ‘रावणाने सीतेला स्पर्शही केला नाही, मग तो वाईट कसा?’ असे संदेश फिरू लागतात. यात तथ्य किती?
— एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : वाल्मीकी रामायणापुरते बोलायचे तर फारच थोडे. मुळात तो तिला उचलून पळवून नेतो, म्हणजे स्पर्शाचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. पुढे त्याने बळजबरी केली नाही याचे कारण रामायणातच दिले आहे, आणि ते कारण शाप हे आहे : कोणा स्त्रीवर बळजबरी केलीस तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. अपहरणानंतर तो सीतेला बारा महिन्यांची मुदत देतो आणि ऐकले नाहीस तर माझे आचारी सकाळच्या न्याहारीसाठी तुझे तुकडे करतील, असे बजावतो. अशोकवनात हनुमान झाडावर लपून ऐकत असताना त्या मुदतीचे दोनच महिने उरलेले असतात. ज्या स्त्रीने ते महिने मोजत काढले, तिच्या बाजूने हा संदेश एकदा वाचून पाहावा.

सज्जन रावण हवाच असेल तर तो आपल्या परंपरेत प्रामाणिकपणे उपलब्ध आहे. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे जैन रामायण महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत लिहिलेले आहे. त्यात राक्षस हे विद्याधरांचे, म्हणजे अलौकिक विद्या जाणणाऱ्या माणसांचे, कुळ आहे, दहा तोंडांचा भास हारातल्या रत्नांत पडलेल्या प्रतिबिंबांमुळे होतो, आणि इच्छा नसलेल्या स्त्रीला हात लावणार नाही असे व्रत रावणाने स्वतःहून घेतलेले आहे. एवढा मोठा माणूस एका आसक्तीपायी कसा बुडाला, ही त्या काव्याची शोकांतिका आहे. दसऱ्याचे संदेश व्रत तिथून उचलतात आणि कथा वाल्मीकींची सांगतात. ही भेसळ मला मान्य नाही. वाल्मीकींच्या रामाने तर रावण पडल्यावर ‘मरणान्तानि वैराणि’ म्हणून बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करायला लावले आहेत. त्याला रावणाचे गुन्हे कमी करून सांगावे लागले नाहीत.

प्रश्न : माझ्या वर्गातली बरीच मुले दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला जाणाऱ्या घरांतली आहेत. त्यांच्यासाठी अश्वत्थामा पूज्य आहे. महाभारत शिकवताना तोच झोपलेल्यांचा खुनी म्हणून येतो. मुलांना काय सांगावे?
— एक शिक्षक, तळोदा

उत्तर : दोन्ही सांगावे, आणि आधी सौप्तिकपर्व, म्हणजे झोपलेल्या छावणीवर अश्वत्थाम्याने रात्री केलेल्या हल्ल्याचे पर्व, सांगावे. तो जन्माने राक्षस नाही, द्रोणाचा मुलगा आहे. तरी त्या रात्री छावणीत जागे झालेल्या योद्ध्यांना तो राक्षसच वाटला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, असे महाभारत सांगते. धृष्टद्युम्न, शिखंडी, द्रौपदीचे पाच मुलगे यांची नावे मुलांपुढे घ्यावीत. ती टाळू नयेत. बाप कपटाने मारला गेला म्हणून तो पेटला होता, हेही त्याच वेळी सांगावे.

मग कृष्णाचा शाप सांगावा : रक्त-पुवाच्या दुर्गंधीसह तीन हजार वर्षे एकट्याने भटकणे. महाभारत त्याला या अवस्थेत सोडून देते. सातपुड्याच्या लोकांनी त्याला पुढे आपल्या डोंगरावर जागा दिली. तो जखमेसाठी तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, ही त्यांची श्रद्धा आहे. या श्रद्धेत जखम तशीच आहे, म्हणजे अपराध पुसलेला नाही. तो भोगणाऱ्याला तेल देण्याची तयारी मात्र आहे. मला हे पुनर्कथन छापील कादंबऱ्यांतल्या बहुतेक प्रयत्नांहून श्रेष्ठ वाटते. यात्रेला जाऊन आलेल्या मुलांनाच वर्गात उभे करून घरी ऐकलेली गोष्ट त्यांच्या बोलीत सांगायला लावावी आणि सौप्तिकपर्वाचा तास त्याला लागूनच घ्यावा.