क्रुसेड म्हणजे ‘धर्मयुद्ध’ का?

प्रश्न असा आहे : अकराव्या ते तेराव्या शतकांत ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात जेरुसलेमसाठी ज्या लढाया झाल्या, त्या ‘क्रुसेड्स’ना मराठीत सर्रास ‘धर्मयुद्धे’ म्हणतात, हा शब्द योग्य आहे का?

शब्द रूढ आहे, म्हणून तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण तो फसवा आहे. आपल्या परंपरेत धर्मयुद्ध म्हणजे धर्मासाठी केलेले युद्ध नव्हे, तर धर्माने, म्हणजे नियम पाळून केलेले युद्ध. भीष्मपर्वात लढाईला तोंड फुटण्यापूर्वी दोन्ही पक्ष ठरवतात की रथ्याने रथ्याशीच लढावे आणि शस्त्र गमावलेल्यावर किंवा पाठ फिरवलेल्यावर वार करू नये. मनुस्मृतीही कपटाच्या शस्त्रांनी शत्रूला मारू नये असे सांगते. या अर्थाने धर्मयुद्धाचा विरुद्धार्थी शब्द कूटयुद्ध होय. कौरव-पांडवांचा धर्म तर एकच होता! उलट १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडल्यावर क्रुसेडच्या सैन्याने तेथील मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची जी कत्तल केली, तिला आपल्या जुन्या अर्थाने धर्मयुद्ध म्हणणे अवघडच आहे.

‘दोन धर्मांमधील युद्ध’ असा नवा अर्थ घेतला तरी तो पुरता लागू पडत नाही. चौथ्या क्रुसेडचे सैन्य जेरुसलेमला पोहोचलेच नाही; १२०४ मध्ये त्याने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले. १२०९ पासून दक्षिण फ्रान्समध्ये कॅथर या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध पोपच्याच आज्ञेने क्रुसेड चालले, तेथे तर मुसलमानांचा संबंधच नव्हता. म्हणजे समोर कोण आहे यापेक्षा पोपची अनुज्ञा, पापक्षालनाचे आश्वासन आणि क्रूस धारण करून घेतलेला नवस यांवर क्रुसेडचे क्रुसेडपण ठरत असे.

दुसऱ्या पोप अर्बनने १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेर्माँ येथे जेरुसलेमच्या मोहिमेचे आवाहन केले, तेव्हा निघालेल्या लोकांनी कापडाचा क्रूस अंगरख्यावर शिवून घेतला; आपल्या प्रवासाला मात्र ते ‘यात्रा’ म्हणत. लॅटिनमध्ये पुढे त्यांना ‘क्रूसांकित’ अशा अर्थाचे नाव मिळाले आणि क्रुसेड हा शब्द त्याच कुळातला आहे. उर्दूतली ‘सलीबी जंग’ही क्रूसावरूनच आली आहे. मराठीत पोर्तुगीजांकडून आलेला ‘क्रूस’ आहेच, तेव्हा ‘क्रूसयुद्ध’ असा शब्द सहज घडवता येईल. पण तो कोणी वापरेल असे मला वाटत नाही. म्हणून इतिहासलेखनात या विशिष्ट मोहिमांसाठी सरळ ‘क्रुसेड’ लिहावे आणि ‘धर्मयुद्ध’ महाभारताकडे राहू द्यावे, असे माझे मत आहे.

जाता जाता : तत्कालीन अरब इतिहासकार या स्वाऱ्यांना धर्माचे नाव देत नसत, आलेल्यांना ते ‘फ्रँक’, म्हणजे मुळात फ्रान्सकडचे लोक, या अर्थी ‘इफ्रंज’ म्हणत. त्याच मुळाचा शब्द फारसीमार्गे ‘फिरंगी’ होऊन आपल्याकडे आला आणि शिवकाळात मुख्यतः पोर्तुगीजांना चिकटला, खुद्द फ्रेंचांना मात्र मराठी कागदपत्रांत ‘फरासीस’ हे वेगळे नाव पडले.

राहिला ‘भ्रष्टाचाराविरुद्ध धर्मयुद्ध’ हा वृत्तपत्री प्रयोग. तो इंग्रजीतल्या लाक्षणिक ‘क्रुसेड’ची नक्कल आहे, तेथे ‘मोहीम’ किंवा ‘लढा’ पुरेसा आहे.