गुरुजी दिवसभर करतात तरी काय?

प्रश्न : आमची मुलगी मोबाईलवर कुठल्या कुठल्या आश्रमांचे व्हिडिओ बघत असते. 'स्वामीजींचा एक दिवस' असं काहीतरी नाव असतं, त्यात स्वामीजी झुल्यावर बसलेत, मोराला दाणे टाकतायत, मग दर्शनाची रांग, मग गाडी. मी म्हटलं असे गुरु आमच्या लहानपणी नव्हते, तर ती म्हणते मग कसे होते ते सांगा. मला सांगता येईना! तुम्हीच एखाद्या खऱ्या गुरूचा दिवस सांगा ना.
— एक बाबा, नाशिक

उत्तर : बाबा, मोराला दाणे टाकण्यात वाईट काही नाही हो, पण बाकीचं तुमचं बरोबर आहे. मी विनोबा भाव्यांचं सांगते, कारण त्यांचा आश्रम पवनारला, आपल्याच राज्यात आहे, वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी. मी दोनदा जाऊन आलेय. हां, विनोबा स्वतःला गुरु म्हणवून घ्यायचे नाहीत, कोणाला कानात मंत्र देणं वगैरे भानगडच नव्हती, पण शिकवत होते हे नक्की, आणि जे शिकवलं त्यातलं बरंचसं हातात झाडू घेऊन.

आता कुठल्या काळातला दिवस सांगू? १९५१ ते १९६४ तर माणूस भूदानासाठी, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन मागत, पायी फिरत होता, आश्रमात नव्हताच. म्हणून शेवटच्या काळातला घेऊ. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे यापुढे पवनार सोडून कुठे जायचं नाही. तेव्हा वय पंचाहत्तर.

पहाटे तीनच्या सुमारास उठायचे. मग ईशावास्य उपनिषदाची प्रार्थना, सकाळी साडेदहाला विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक. हे तीन खांब, बाकी दिवस त्यांच्यामध्ये ताणलेला. लोक यायचे, भेटायचे, पण पुढे पुढे ऐकू कमी यायला लागलं म्हणून प्रश्न कागदावर लिहून द्यावा लागायचा, तो वाचून ते उत्तर द्यायचे. मला ही पद्धत फार आवडते, खरं सांगू का, कागदावर लिहायचं म्हटलं की निम्मे प्रश्न आपोआप गळतात (आमच्या या सदरातही तसंच होतं, फोन करणारे वीस, लिहिणारे तीन).

आणि मधल्या वेळात? सफाई. तासन् तास. म्हणजे आश्रमाच्या आवारात वाकून एक एक काडी, एक एक वाळकं पान उचलायचं, टोपलीत टाकायचं, पुढची काडी. बघणाऱ्याला वाटणार म्हातारपणी काय हा छंद, पण त्यांचं म्हणणं असं की काडी उचलली की एक नाम झालं, जपमाळेचा मणी ओढतो तसंच, फरक इतकाच की माळ ओढून अंगण साफ होत नाही. हे शेवटचं वाक्य माझं आहे, त्यांच्या नावावर खपवू नका. मुलीला हे सांगा. झुला नाही, रांग नाही, एक म्हातारे गृहस्थ काड्या वेचतायत, याचा व्हिडिओ काढला तर दहा सेकंद तरी कोणी बघेल का कोण जाणे.

प्रश्न : वरचं उत्तर लिहिताना तुम्ही कौतुकच करणार हे माहीत आहे, पण मोठ्या माणसाने अंगण झाडलं की फोटो येतो आणि गावातला सफाईवाला रोज झाडतो त्याचं काय? मला हे सगळं दिखाऊ वाटतं.
— एक वाचक, पुणे (अजून उत्तर छापलंही नाही आणि हे असं! मी आधीच्या अंकात विनोबांवर लिहिणार म्हटलं होतं म्हणून हे पत्र)

उत्तर : बरोबर प्रश्न आहे, रागावले नाही. पण मग तुम्हाला सुरगावचं सांगायला पाहिजे. पवनारपासून साधारण तीन मैलांवर सुरगाव नावाचं गाव आहे. १९४६ पासून विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून तिथे चालत जायचे आणि गावाच्या कडेला पडलेला मैला उचलून साफ करायचे, मग परत चालत. एक दिवस नाही, एक आठवडा नाही, गांधीजींच्या हत्येपर्यंत, म्हणजे दीड वर्षाच्या वर. कोणी विचारलं किती दिवस करणार, तर म्हणायचे वीस वर्षं, एक पिढी बदलायची तर तेवढी लागतीलच.

पावसाळ्यात एकदा वाटेतल्या ओढ्याला इतका पूर की पलीकडे जाताच येईना. तर हे काठावर उभे, पलीकडे एक माणूस दिसला त्याला ओरडून सांगितलं, देवळात जाऊन देवाला सांग, गावाचा भंगी आला होता पण पुरामुळे येता आलं नाही. आणि मग परत फिरले. मला या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात, एक तर हजेरी लावायची तर ती देवाकडे, आणि दुसरं, पूर आहे आज नको असं घरूनच ठरवलं नाही, काठापर्यंत जाऊन मग परत. तुमचा गावातला सफाईवाला रोज झाडतो आणि त्याचा फोटो येत नाही हे शंभर टक्के खरं, पण इथे म्हणणं तेच होतं ना की हे काम जन्मावरून एकाच्याच गळ्यात का.

आता कौतुकच करते म्हणता तर हेही लिहिते. आणीबाणीत 'अनुशासन पर्व', म्हणजे शिस्तीचा काळ, हे त्यांचे शब्द सरकारने भिंतीभिंतीवर लावले, तेव्हा त्यांचं वर्षाचं मौन चालू होतं, आणि ते शब्द मला आजही टोचतात. त्यांची माणसं म्हणतात त्यांचा अर्थ वेगळा होता, आचार्यांचं अनुशासन, सत्तेचं नव्हे. असेल. पण लोक जेलमध्ये असताना अर्थ समजावत बसायची वेळ यावी हेच मला पटत नाही.

प्रश्न : आश्रमातली माणसं खातात काय? माझी तब्येत नाजूक आहे, पोटाचा त्रास, सात्त्विक आहार सुरू करायचा विचार आहे.
— एक ताई, सांगली

उत्तर : ताई, आधी डॉक्टर, मग आश्रम. विनोबांना स्वतःला पोटाचं जुनं दुखणं होतं, म्हणून दही, मध किंवा गूळ असं थोडं थोडं आणि मोजून घ्यायचे. ते त्यांच्या पोटाचं गणित, तुमच्या पोटाचं नाही, त्यामुळे कॉपी करू नका.

पण एक गंमत सांगते. १९३८ मध्ये ते पहिल्यांदा पवनारला राहायला आले ते आजारी म्हणून. वजन होतं ८८ पौंड, म्हणजे ४० किलो, बाप रे. गांधीजी म्हणत होते थंड हवेच्या ठिकाणी जा, हे म्हणाले पवनार. जमनालाल बजाजांचा बंगला होता नदीपलीकडे, गाडी धामच्या पुलावरून जाताना तीनदा 'संन्यस्तं मया' म्हटलं, म्हणजे मी सोडलं, सगळ्या काळज्या सोडल्या. आणि मग काय औषध? शेतात कुदळ. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं खणलं, मग रोज थोडं थोडं वाढवत दोन तासांपर्यंत. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं! तिथेच खणताना भरत-रामाच्या भेटीची जुनी दगडी मूर्ती सापडली, ती आज आश्रमात आहे. पवनार हे वाकाटक राजांच्या काळातलं जुनं गाव, त्यामुळे फावडं मारावं तिथे काहीतरी निघतं. आश्रमातही अशा बऱ्याच मूर्ती ठेवल्यात, मी त्या बघत उभी राहिले आणि माझी परतीची एसटी चुकली.

प्रश्न : पवनारला आता गादीवर कोण आहेत? भेटीची वेळ कोणाकडून घ्यायची?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : गादीच नाही हो. २५ मार्च १९५९ ला विनोबांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांसाठी, म्हणजे ब्रह्मचर्याने राहून साधना करणाऱ्या बहिणींसाठी. तारीख मुद्दाम तीच, कारण १९१६ मध्ये २५ मार्चलाच ते घर सोडून निघाले होते. स्वतः तेव्हा पदयात्रेत, लांब. म्हणजे आश्रम काढला आणि काढणाराच जागेवर नाही, मला यातच सगळं आलं असं वाटतं. प्रमुख कोणी नाही, निर्णय सगळ्यांच्या एकमताने, एकीला पटलं नाही तर थांबायचं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हे सांगितलं तर हसले लोक. शेती, स्वयंपाक, छपाई, झाडलोट, सगळं स्वतः.

भेटीची वेळ वगैरे काही नाही, साडेदहाच्या सहस्रनामाला जाऊन मागे बसा, झालं. मी गेले तेव्हा एका आजींना विचारलं बसू का, तर त्यांनी माझ्यापुढे गवारीची पाटी सरकवली आणि म्हणाल्या, शिरा नीट काढ. पाऊण तास शिरा काढल्या. दर्शन वगैरे विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

प्रश्न : सासूबाई पहाटे साडेतीनला उठून भांडी घासतात, म्हणतात विनोबाही तेव्हाच उठायचे. सगळं घर जागं होतं. काय करू?
— एक सून, ठाणे

उत्तर : अगं, विनोबा झोपायचेही लवकर! रात्रीच्या सिरियल संपेपर्यंत जागून पहाटे तीन हे त्यांच्या हिशोबात बसत नाही. आईंना रात्री आठला आडवं व्हायला सांग. आणि भांडी नकोत, त्याऐवजी अंगण झाडा म्हणावं, त्याला आवाज कमी.