'शागिर्द' : बुद्धिबळाच्या कोड्याखालची सही

प्रश्न असा आला आहे : १८४५ सालच्या एका इंग्रजी बुद्धिबळ-मासिकात हिंदुस्थानातून आलेले एक कोडे छापले आहे आणि त्याखाली 'शागिर्द' एवढीच सही आहे. हा आपल्या 'शागिर्दपेशा'मधलाच शब्द का? म्हणजे कोडेकर्त्याने स्वतःला नोकर म्हणवून घेतले आहे का? आणि मराठी लेखात त्याऐवजी 'चेला' लिहिले तर चालेल का?

शब्द तोच आहे, पण कोडेकर्त्याने स्वतःला नोकर म्हटलेले नाही.

'शागिर्द' फारसीतून आला. फारसीत त्याचा सरळ अर्थ विद्यार्थी, उमेदवार, एखाद्याच्या हाताखाली विद्या किंवा कसब शिकणारा. शब्द पुष्कळ जुना आहे. फारसीच्या आधीच्या पहलवी भाषेत तो 'हशागिर्द' या रूपात सापडतो, आणि त्या काळी तो शेजारच्या आर्मेनियन भाषेतही गेला. तिथे आजही विद्यार्थ्याला 'अशाकेर्त' म्हणतात. आपल्याकडे त्याचा जोडीदार 'उस्ताद'. त्याचा आपण तालमीत 'वस्ताद' केला. शागिर्द मात्र गाण्याच्या घराण्यांत जास्त रुळला. गंडा बांधला की माणूस त्या उस्तादाचा शागिर्द झाला.

मग नोकराचा अर्थ कुठून आला? पेशवाईच्या हिशेबी कागदांत 'शागिर्दपेशा' हा शब्द येतो, तो वाड्यातल्या खासगी चाकरमंडळींसाठी. हाताखाली शिकणारा पोर धन्याची पडेल ती कामे करतो, तेव्हा शिष्य आणि चाकर यांतले अंतर कमी होत जाते. अर्थ तसा सरकला असावा. (यातला 'पेशा' म्हणजे व्यवसाय. 'पेशवा' हा 'पेश' म्हणजे 'पुढे' यावरून आला. दिसायला सारखे असले तरी हे दोन निराळे शब्द आहेत.) मराठीत शब्दाचे दोन्ही अर्थ नांदले, पण सहीतला अर्थ पहिलाच आहे.

सही करणारा होता रेव्हरंड हेन्री ऑगस्टस लव्हडे. जन्म १८१५, मृत्यू १८४८, म्हणजे पस्तिशीही न गाठलेला इंग्रज पाद्री. मासिक होते हॉवर्ड स्टॉन्टन यांचे 'चेस प्लेयर्स क्रॉनिकल', आणि स्टॉन्टन त्या काळचे अव्वल दर्जाचे खेळाडू. त्यांच्यासारख्यांपुढे कोडे ठेवताना या माणसाने नाव लपवले आणि सहीला शब्द निवडला तो इथला, शिकणाऱ्याचा. ही नम्रता मला फार आवडते, कारण त्या एका कोड्यापासून पुढची पिढीच्या पिढी शिकली.

कोडे चार खेळ्यांत मात करण्याचे आहे. पांढऱ्याची अडचण विचित्र आहे : काळ्या राजाला हलायला घरच उरलेले नाही. काळ्याच्या प्याद्याच्या खेळ्या संपल्या की राजा शह नसताना कोंडला जाईल आणि डाव बरोबरीत सुटेल. म्हणून पांढऱ्याने त्याला मुद्दाम वाट करून द्यायची आहे. त्यासाठी एच६वरचा (एच ही उभी ओळ, ६ ही आडवी) उंट तिरक्या रेषेने थेट सी१ला, पटाच्या पार कडेला जातो. ही खेळी पाहून पहिल्यांदा काहीच उमगत नाही. मधे एक नुसती थांबण्याची खेळी होते. मग हत्ती डी२वर येतो, म्हणजे आपल्याच उंटाच्या तोंडासमोर उभा राहतो. उंटाची रेषा तुटली, काळ्या राजाला एफ४ मोकळे झाले, आणि दुसरे घर नसल्याने तो तिथे जातो. आता हत्ती डी४वर सरकतो. हत्तीचा शह आडव्या ओळीतून, उंटाचा शह नुकत्याच उघडलेल्या रेषेतून, दोन्ही एकदम. मात!

उंट पहिल्या खेळीत जे डी२ ओलांडून गेला, तेच कळीचे घर. ते आधी ओलांडले नसते तर हत्तीला उंटापुढे असे आड येता आले नसते. लव्हडेच्या मूळ मांडणीत दोष होते, ते कोडे इतर मार्गांनीही सुटत होते. कल्पना मात्र टिकली. ग्रिमशॉ (१८५०), नोव्होटनी (१८५४), प्लाखुटा (१८५८) यांची नावे ज्या रचनातंत्रांना मिळाली, तीही मोहऱ्याच्या रेषेत मोहरे आड आणण्याचीच आहेत. १९०३ साली कोट्झ आणि कोकेलकोर्न या जर्मन जोडीने या एका कोड्याभोवती आख्खे पुस्तक लिहिले, 'दास इंडिशे प्रॉब्लेम'.

हे कोडे 'इंडियन प्रॉब्लेम' म्हणून ओळखले जाते. त्यातल्या 'इंडियन' या विशेषणाबद्दल प्रश्नात काही नाही, पण तिथे घोटाळा होतो म्हणून सांगतो. हे नाव कोडे कुठून आले त्यावरून पडले, रचनेच्या परंपरेवरून नाही. खरी इथली परंपरा पाहायची तर त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्याकडे जावे लागेल. त्यांच्या संस्कृत ग्रंथातील कोड्यांचे इंग्रजी पुस्तक १८१४ साली आपल्या मुंबईत छापले गेले, लव्हडेच्या कोड्याच्या तीन दशके आधी. युरोपीय नियमांना जुळवून घेतलेल्या त्या कोड्यांतही प्याद्यानेच मात करण्याची अट भेटते. 'प्यादेमात' हा शब्द मराठीला परका नाही, त्यामुळे ती चव आपल्याला लगेच ओळखू येते. लव्हडेच्या कोड्यात असली अट नाही. ते बांधणीने युरोपीयच आहे.

राहिला 'चेला'. तो टाळावा. चेला म्हटले की गोसावी-महंत डोळ्यांपुढे येतात, किंवा पुढाऱ्यामागे फिरणारा माणूस. 'शिष्य' चुकीचा नाही, पण टोपणनाव आहे तसेच ठेवणे बरे, कारण ते लव्हडेने स्वतः निवडले होते. लेखात पहिल्यांदा ' "शागिर्द" (रेव्ह. लव्हडे)' असे लिहा, पुढे नुसते लव्हडे. 'गि' ऱ्हस्व ठेवा : जोडाक्षराआधीचा इकार मराठीत सहसा ऱ्हस्व असतो, आणि मूळ फारसीतही तो ऱ्हस्वच आहे. जुन्या छापील मजकुरात 'शागीर्द' दिसेल. अवतरण देत असाल तर ते तसेच राहू द्या.