काउंट आले, मग नागीण कशी उठली?

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. रक्ताच्या कॅन्सरसाठी नऊ महिन्यांपूर्वी त्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. मॅरो धाकट्या दिरांचा, पूर्ण जुळलेला. अठराव्या दिवशी काउंट आले, म्हणजे रक्तात पांढऱ्या पेशी पुन्हा दिसू लागल्या, सिस्टरना पेढे दिले. पुढे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात म्हणून असायक्लोविर (नागिणीच्या विषाणूला रोखणारी) आणि सेप्ट्रान (जंतुसंसर्ग टाळणारी) या गोळ्या आम्हीच बंद केल्या. सातव्या महिन्यात पाठीवर नागीण उठली. भाच्याने वाचलंय की थायमस या छातीतल्या ग्रंथीचा तुकडा बसवला की प्रतिकारशक्ती लवकर येते. इथल्या एका दवाखान्यात थायमसच्या इंजेक्शनांचा कोर्स देतात. द्यावा का? गणपतीला गावी नेलं तर चालेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, तो इंजेक्शनांचा कोर्स घेऊ नका. आणि बंद केलेल्या गोळ्यांचं ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

पेढे दिलेत ते योग्यच केलंत. पण त्या दिवशी जे काउंट आले ते मुख्यतः जंतूंवर पहिला हल्ला करणाऱ्या पेशींचे. नवा मॅरो त्या दोन ते चार आठवड्यांत तयार करतो. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू आपल्या मज्जातंतूंत आयुष्यभर दबून राहतो. त्याला दाबून ठेवतात त्या टी पेशी, आणि नुसत्या मॅरोतून त्या तयार होत नाहीत. कच्च्या पेशी मॅरोतून निघून छातीच्या हाडामागच्या थायमसमध्ये जातात. तिथे एकेकीची पारख होते. आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या तिथेच मरतात, निभावतात त्या थोड्या.

मी परळला तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली. बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन करताना सर्जनला वाट करण्यासाठी थायमसचा बराच भाग काढावा लागतो, तो आमच्या टेबलावर यायचा. फिकट गुलाबी, मऊ, बोट लावलं की दबणारा. पन्नाशीच्या माणसाच्या छातीत त्याच जागी पिवळी चरबी दिसते, ग्रंथी त्यात शोधावी लागते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, किती नेमकं नाव आहे! त्यात ट्रान्सप्लांटआधीची जबर केमो तिलाही भाजते. म्हणून यजमानांच्या वयात टी पेशी सावरायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तरी ती अगदी निकामी झालेली नसते. २०२३ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवलं की थायमस काढलेल्या प्रौढांत पुढच्या पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण ८.१ टक्के होतं, न काढलेल्यांत २.८.

भाच्याने वाचलेलं खोटं नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. लुईस मार्कर्ट यांनी थायमसशिवाय जन्मलेल्या बाळांसाठी हे उभं केलं. हृदयाच्या ऑपरेशनमधली तीच ऊती प्रयोगशाळेत काही दिवस वाढवायची, तिच्यातल्या दात्याच्या टी पेशी जाऊ द्यायच्या आणि पातळ चकत्या बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवायच्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली, पण फक्त त्या बाळांसाठी. तिथेही टी पेशी दिसायला सहा महिने किंवा जास्त लागतात.

मॅरोबरोबर थायमस देण्याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. जपानच्या कान्साई वैद्यकीय विद्यापीठात सुसुमु इकेहारा यांच्या गटाने एकाच दात्याचा मॅरो आणि थायमस देऊन चांगले परिणाम मिळवले. माझा या वाटेवर विश्वास आहे. पण तुमच्या घरी बघा: मॅरो दिरांचा, त्यांची थायमसही वयाने आक्रसलेली, ती काढून देता येणार नाही. परक्या बाळाची घेतली तर दिरांच्या पेशी तिच्यावर हल्ला करू शकतात, किंवा तिच्यात तयार झालेल्या टी पेशी यजमानांच्या अंगाला परकं मानू शकतात. हे सुटल्याशिवाय माणसात नेहमीचा उपचार म्हणून ते येणार नाही.

इंजेक्शनात तर ऊतीच नसते, असतो तो अर्क किंवा प्रथिनाचा तुकडा. पेशींची पारख व्हायला जिवंत ऊती लागते. ते पैसे औषधांना ठेवा.

पुढच्या भेटीत सीडी फोर काउंट, म्हणजे टी पेशींच्या एका महत्त्वाच्या प्रकाराची संख्या, विचारा, तो नेहमीच्या सीबीसी रक्ततपासणीत येत नाही. लहानपणच्या लसी नव्याने घ्याव्या लागतात, त्यांचं वेळापत्रक लिहून घ्या. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत नाहीतच. तुम्ही आणि मुलांनी मात्र फ्लूची लस घ्या. खिडकीत कबुतरं बसत असतील तर जाळी लावा, विष्ठा यजमानांना साफ करू देऊ नका, तिच्यातली बुरशी फुप्फुसात जाते.

गावाचं म्हणाल तर गणपतीच्या गर्दीत कोकणातली गाडी नकोच. यंदा मूर्ती भांडुपला घरी आणा, आरतीला घरचीच माणसं असू द्या, सर्दी-ताप असलेल्याने दारातूनच नमस्कार करावा. आणि ताप १००.४ झाला तर विसर्जनाची मिरवणूक रस्त्यावर असली तरी त्याच रात्री रुग्णालय गाठा.