मूर्ती नाही म्हणता, मग भिंतीवर हे काय?

प्रश्न: नमस्कार ताई, पुण्यात माझे एक बँकेतले जुने मित्र आहेत, बेने इस्रायली म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले ज्यू, घरात आपल्यासारखंच मराठी बोलतात. परवा त्यांच्याकडे गेलो तर हॉलमध्ये एक फ्रेम दिसली, सात फाट्यांचा दिवा पण सगळा बारीक हिब्रू अक्षरांनी काढलेला. म्हणाले प्रार्थनेआधी याच्यासमोर जरा थांबतो. यांच्यात मूर्ती चालत नाही ना, मग हे काय? निघताना मला तशीच एक प्रिंट दिलीय, देवघरात लावून ध्यान केलं तर चालेल का, आणि कुठल्या दिशेला?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

उत्तर: काका, त्या फ्रेमला शिविती म्हणतात. वर मोठ्या अक्षरात ज्यूंच्या बायबलमधल्या स्तोत्र 16 ची ओळ असते, मी परमेश्वराला सतत माझ्यासमोर ठेवलंय अशा अर्थाची, आणि खालचा दिवा म्हणजे मेनोरा, तो स्तोत्र 67 चा. शीर्षकाची ओळ सोडली तर त्यात सातच ओळी आहेत, हिब्रूत मोजून 49 शब्द, मधली ओळ 11 शब्दांची आणि तिच्या दोन्ही बाजूंना आधी 6, मग 6, मग 7, म्हणजे ओळी उभ्या लिहिल्या की मधला दांडा आणि दोन्हीकडचे फाटे आपोआप जुळतात बघा की. कुणाला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याला मानलं पाहिजे.

आता मूर्तीचं. बायबलमधल्या देवाच्या दहा आज्ञांमध्येच कोरीव मूर्ती करून तिच्यापुढे वाकू नको असं आहे, पण याचा अर्थ ज्यूंनी कधी चित्रंच काढली नाहीत असा नाही हं. सीरियात दुरा युरोपस इथं तिसऱ्या शतकातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1932 मध्ये सापडलं, त्याच्या भिंती बायबलच्या प्रसंगांनी भरलेल्या आहेत, मोझेस आहे, माणसं आहेत, घोडे आहेत, आणि देव कुठंय तर फक्त वरून आलेला एक हात. बास. आपल्याकडं अक्षरगणेश काढतात त्यात अक्षरांतून देवाचंच रूप उभं राहतं, इथं अक्षरांतून फार तर दिवा होतो, देव होत नाही.

उलट चित्र समोर असलं की लक्ष उडतं असंही त्यांच्यातल्या मोठ्या पंडितांचं म्हणणं होतं, 12व्या शतकातले मायमोनिडीझ तर समोर चित्रांचा पडदा किंवा रंगवलेली भिंत असेल तर प्रार्थनेला डोळे मिटून घ्यायचे. आणि प्रार्थनेआधी मन सगळ्या विचारांतून मोकळं करून आपण देवापुढं उभे आहोत असं समजायचं हेही त्यांनीच लिहिलंय. मला वाटतं शिविती यातूनच मधली वाट काढते, नजरेला टेकायला काहीतरी मिळतं पण ते वाचायचं असतं, न्याहाळत बसायचं नसतं. वरच्या ओळीत देवाचं चार अक्षरी नाव मोठं काढलेलं असतं, ते उच्चारत नाहीत, त्याऐवजी अदोनाय, म्हणजे प्रभू, म्हणतात, आणि मनातल्या मनात ती चार अक्षरं डोळ्यांपुढं ठेवायची साधना ज्यू गूढवाद्यांमध्ये मध्ययुगापासून आहे.

दिशेचं म्हणाल तर प्रार्थना जेरुसलेमकडं तोंड करून. म्हणून युरोपात अशा पाट्या पूर्वेच्या भिंतीवर, आणि आपल्या महाराष्ट्रातून जेरुसलेम पश्चिमेला, त्यामुळं इथल्या सिनेगॉगमध्ये तोराह, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, ठेवायचं कपाट पश्चिमेला असतं. तुमचा ईशान्य कोपरा इथं कामाचा नाही काका 😄

(मित्राकडं रथातून आकाशात जाणाऱ्या एलियाहू नबीचंही चित्र असेल, बेने इस्रायली घरात हमखास असतं. त्याची पूजा नसते, पण मलिदा नावाचा आभाराचा विधी करतात तेव्हा एलियाहूंचं नाव घेतात, त्यात पोहे, गूळ-खोबरं, फळं असतात. बोलावलं तर नक्की जा.)

लावायचं का? लावा की, पण देवघरात नको. हार, हळदकुंकू, उदबत्ती यातलं काहीच नको, मित्राला ते अवघड वाटेल आणि तोंडावर बोलणारही नाही. वाचायच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर लावा, बाथरूमच्या भिंतीला नको, आणि त्या ओळीचा अर्थ मित्राकडून मराठीत लिहून घ्या, कारण अर्थ माहीत नसेल तर समोर बसून नुसती डिझाइन बघणं होतं. प्रिंट खराब झाली तर रद्दीत टाकू नका आणि सिद्धेश्वर तलावात तर मुळीच सोडू नका, देवाचं नाव लिहिलेला कागद त्यांच्यात पुरतात, मित्राकडंच परत द्या.