कुदळ आपल्या हाती, करवत जाणकाराच्या हाती

प्रश्न : आमच्या वसाहतीतील आम्ही बारा रहिवासी रस्त्याकडेच्या झाडांची दोन वर्षांपासून निगा राखतो. गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी एका ठेकेदाराने गुलमोहरांचे शेंडे सरसकट छाटले. आता तेथे नुसत्या बारीक फांद्यांचे रान माजले आहे. यंदा छाटणी आम्हीच करावी का? बुंध्याभोवतीचे काँक्रीट आणि खोडातले खिळे यांचे काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी काँक्रीटचे पाहू, कारण झाडाचे आयुष्य तेथे ठरते आणि ते काम आपल्या आवाक्यातले आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. पदपथ महापालिकेचा असल्याने उद्यान विभागाची लेखी संमती आधी घ्यावी. बुंध्याजवळ यंत्र लावू नये. छिन्नी-हातोड्याने हळूहळू फोडावे, म्हणजे मुळांची साल सोलवटत नाही. मोकळ्या झालेल्या मातीवर चार बोटे पाचोळा पसरावा, पण तो खोडापासून वीतभर दूर ठेवावा. पार बांधून बुंध्यावर मातीचा भराव घालण्याची आपल्याकडची हौस मात्र आवर्जून टाळावी, कारण मातीखाली दडपलेली खोडाची साल सतत ओली राहून कुजते.

डोके बाहेर असलेला खिळा सहज निघत असेल तर सरळ ओढून काढावा. सालीने गिळलेला खिळा कोरून काढू नये, कारण त्याने जखम वाढते. ट्री-गार्डकडेही लक्ष असू द्यावे. आमच्या गल्लीतल्या बकुळीच्या खोडात जाळीची कडी बोटभर रुतली होती आणि तिच्या वरचा भाग उशीसारखा फुगला होता. झाड लहान असतानाच ती जाळी कापली असती, तर हे टळले असते.

छाटणी मात्र आपण करू नये. शेंडा तोडल्यावर फुटणारे धुमारे सालीच्या अगदी लगतच्या थरातून येतात. त्यांचा सांधा कमकुवत असतो आणि गुलमोहराचे लाकूड मुळातच ठिसूळ असल्याने ते वाढून जड झाले की वाऱ्यात निखळतात. वादळाच्या भीतीने केलेली छाटणी अशी काही वर्षांनी धोका वाढवते. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग भिंत घालावी तसा कोंडते आणि त्यावर नवे लाकूड चढवते. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. त्याच्या लगत बाहेरच्या बाजूने काप घेतला, तरच ही भिंत नीट उभी राहते. कडे कापले किंवा लांब खुंट ठेवला, तर कुज आत शिरते. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासल्याने ती थांबत नाही. जड फांदीला आधी खालून, मग थोडे पुढे वरून आणि शेवटी कड्यालगत असे तीन काप द्यावे लागतात, नाहीतर ती साल सोलत खाली येते. हे काम दोरावर लटकून करायचे असते आणि शेजारून विजेच्या तारा जात असतात. हौसेने करण्याजोगे ते नव्हे.

शिवाय 1975 च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्यानुसार शहरी भागात झाड तोडण्यास परवानगी लागते आणि ‘तोडणे’ या संज्ञेत झाडाला इजा करणेही येते. म्हणून छाटणीसाठीही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्यात कोणती फांदी, का आणि कोठून कापायची हे लिहावे, आणि कामाच्या दिवशी तो कागद घेऊन आपल्यापैकी दोघांनी झाडाखाली उभे राहावे. ठेकेदाराला पहिला प्रश्न ‘किती कापणार?’ असा न विचारता ‘काप कोठे घेणार?’ असा विचारावा. उत्तरावरून माणूस कळतो.

आणखी एक काम आपणच सर्वांत चांगले करू शकता, कारण त्या झाडांवरून आपण रोज जाता. बुंध्याशी कडक, फळीसारखी आळंबी उगवली, झाड एकाएकी कलले किंवा कललेल्या बाजूच्या विरुद्ध जमिनीला भेग पडली, तर त्याच दिवशी छायाचित्रासह वृक्ष अधिकाऱ्याला कळवावे. केबलसाठी चर खणताना जाड मुळे तुटली, तर तारखेसह नोंद करावी; त्याचा परिणाम अनेकदा पुढच्या पावसाळ्यांत दिसतो.

आपल्या गुलमोहरांवरचे धुमारे यंदा एकदम उतरवू नयेत. प्रशिक्षित माणसाकडून दोन-तीन वर्षांत ते विरळ करून घ्यावेत आणि प्रत्येक खुंटावर एक-दोन दमदार, नीट अंतरावरचे धुमारे राखावेत.